वाजवी उंची

पहाटे साडेपाच

पौषातल्या थंडीत ड्रोनची बॅटरी लवकर दम टाकते. म्हणून तिन्ही बॅटऱ्या रात्री गोधडीच्या घडीत ठेवतो आणि उठल्याबरोबर आधी त्यांनाच हात लावून बघतो. आज दोन कोमट आहेत, एक गार. गार होती ती स्वेटरच्या आतल्या खिशात टाकली.

पारनेरमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, दहाव्याला मोठा करून लावायचा फोटो, सगळं काम करतो. ड्रोन घेतला लग्नाच्या ऑर्डरींसाठी, पण जीव जडला तो सकाळच्या उडवण्यावर. आठवड्यातून दोनदा, लग्नतिथी नसेल तेव्हा, मी एकटाच पठारावर जातो आणि अर्धा तास नुसता उडवतो. त्याचे पैसे कुणी देत नाही. पण गेली काही वर्षं उरलेला दिवस त्या अर्ध्या तासाच्याच मागेपुढे फिरतो आहे. कुणी त्याबद्दल विचारायला येतं, कुणी तक्रार घेऊन येतं, कुणी रात्री फोन करतं.

चहा उकळेपर्यंत मोबाइलवर सरकारचा हवाई नकाशा बघून घेतो. २५ ऑगस्ट २०२१ला देशात नवे ड्रोन नियम आले आणि पुढच्याच महिन्यात हा नकाशा खुला झाला. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात लागते. लाल भागात केंद्र सरकारने परवानगी दिल्याशिवाय काही उडवायचं नाही. नकाशा बदलत राहतो, त्यामुळे काल हिरवं होतं म्हणून आजही असेल असं धरून चालत नाही. नगरच्या अंगाला खारे कर्जुने, म्हणजे के. के. रेंज. तिथे रणगाड्यांचा सराव चालतो. त्या बाजूला मी ड्रोनचं तोंडसुद्धा करत नाही.

आज जायचं आहे ती जागा हिरवी आहे. कागदावर एवढं पुरेसं आहे. एके काळी मलाही तेवढंच पुरेसं वाटायचं.

पावणेसात

कान्हूर पठाराच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मोटारसायकल लावली. सूर्य अजून वर यायचा होता. ज्वारी हुरड्याला आली आहे, त्यामुळे मचाणावर राखणीची माणसं आधीच येऊन बसलेली. अंगावर घोंगडी, हातात गोफण. त्यातल्या एका आप्पांना मी ओळखतो. बॅग खांद्यावरून न उतरवता आधी त्यांच्या मचाणाखाली जाऊन उभा राहिलो.

"आप्पा, अर्धा तास उडवतो. तुमच्या रानावरून नाही, पलीकडच्या ओढ्यावरनं."

"पाखरं उठत्याल का त्यानं?"

"उठतील."

"मंग माझ्याच रानावरनं फिरव की! माझा हात तरी वाचंल."

त्यांना खरं सांगितलं. पहिले दोन दिवस पाखरं उठतात, तिसऱ्या दिवशी ती ओळखतात की ही काही घार नाही, आणि कणसावरून हलत नाहीत. आप्पांनी मान डोलावली आणि ओढ्याकडे बोट केलं. झाली परवानगी. ही परवानगी कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण ती घेतल्याशिवाय मी आता पंखे उघडत नाही.

ड्रोन सपाट दगडावर ठेवला. माझा ड्रोन दोन किलोच्या आतला, नियमांच्या भाषेत 'मायक्रो' गटातला. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा 'नॅनो', त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. नोंदणीचा नंबर त्याच्या अंगावर चिकटवलेला आहे आणि तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा काढलेला आहे. नॅनो सोडून बाकी सगळ्यांना हा विमा लागतोच. चारही पंख्यांच्या कडांवरून बोट फिरवलं. संक्रांत होऊन गेल्यावर महिनाभर हे करावंच लागतं, कारण बाभळींवर आणि विजेच्या तारांवर मांजा लोंबत असतो. केसासारखा तुकडा पंख्याच्या बुडाशी गुंतला तरी मोटर गरम होऊन अडकते, आणि वरून दीड किलोचा जिन्नस दगडासारखा खाली येतो. आज एका पंख्याला गवताची काडी सापडली, मांजा नाही.

वर घेतला.

पहिल्या वीस फुटांत तो नुसता गोंगाट करतो. चिडलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज, त्यात पंख्याची एक चिरकी रेघ. शंभर फुटांच्या वर गेला की आवाज पातळ होतो, तीनशेवर वारा असेल तर ऐकूही येत नाही. नवखी पोरं इथेच चुकतात. आवाज गेला म्हणजे आपण कुणाला दिसत नाही, असं त्यांना वाटतं. खालच्या माणसाला मात्र त्याच घडीपासून तो जास्त खुपतो. आवाज असतो तोवर कुठून येतंय हे तरी कळतं.

पडद्यावर पठार उघडलं. कांद्याच्या वाफ्यांच्या रेघा, शेततळ्यांचे काळे प्लास्टिकचे चौकोन, उतारावरचे समतल चर. चरांच्या वरच्या अंगाला माळ पिवळा आणि खालच्या अंगाला अजून हिरवट. पाणी जिरलंय ते कुठे हे वरून असं लख्ख दिसतं. माझा बाप सांगायचा की बहात्तरच्या दुष्काळात या भागातली माणसं खडी फोडायला जायची. तो माळ आणि हा माळ एकच आहे, हे खाली उभं राहून मला कधी इतकं पोटातून कळलं नव्हतं. मी ड्रोन उडवतो तो यासाठी. माणसांच्या घरात डोकावण्यासाठी कुणी उडवत असेल तर त्याचा आणि माझा छंद एक नाही.

ओढ्याच्या वळणावर घार आली. घार वरून झडप घालते, म्हणून ती दिसली की ड्रोन खाली पळवायचा नसतो, सरळ वर न्यायचा असतो. वर नेला, दोन मिनिटं थांबलो, ती कंटाळून गेली. पलीकडच्या पडीत मेंढरांचा वाडा बसला होता, तिकडे गेलोच नाही. एकदा गेलो होतो. दीडशे मेंढरं एका झटक्यात उठून बांधावरून एकमेकांवर कोसळली आणि एका गाभण मेंढीचा पाय मोडला. धनगराने मला शिवी दिली नाही. मेंढीजवळ बसून तिचा पाय चाचपत राहिला. मी भरपाई दिली. पण त्याचा तो चाचपणारा हात मला अजून दिसतो.

पावणेआठ

परतीच्या वाटेवर एक वस्ती लागते. दोन खणांचं घर, पुढे गोठा, मागे न्हाणी. तिथे थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

चार वर्षांपूर्वी याच वस्तीवरून मी ड्रोन नेला होता. हिरवा भाग, उंची दीडशे फूट, रेकॉर्डिंग बंद. नियमात कुठेही चुकलेलो नव्हतो. मला पलीकडचं तळं गाठायचं होतं आणि ही वस्ती सरळ रेषेत मध्ये होती, इतकंच. न्हाणीला तीन बाजूंनी गोणपाट, वरून आभाळ. आमच्याकडच्या निम्म्या वस्त्यांवरच्या न्हाण्या अशाच. आभाळाकडून कुणी बघेल हे गोणपाट लावताना कुणाच्या मनात येणार? घरातली सून अंघोळ करत होती. वरून घोंघावत आलं तशी ती ओरडली आणि अंगावर ओलं लुगडं घेऊन तशीच घरात पळाली.

मला पडद्यावर फक्त गोणपाटाचा एक तपकिरी चौकोन दिसला होता. मी हे तिच्या सासूबाईंना, वस्तीवरच्या आजींना, सांगितलं. चित्रण बंद होतं हे सांगितलं, मोबाइल त्यांच्या हातात दिला. आजींनी तो बघितला नाही.

"तुला दिसलं न्हाई म्हणतूस," त्या म्हणाल्या, "पर तिला वाटलं ना, दिसलं म्हणून. आता ती रोज वर बघून पाणी घेती अंगावर. त्ये कसं पुसायचं, सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी कलम वाचलं. भारतीय न्याय संहितेचं ७७वं कलम सांगतं की जिथे आपल्याला कुणी बघणार नाही अशी बाईची रास्त खात्री असते, तिथे तिला खासगी अवस्थेत चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षांची कैद आहे. त्या कलमाने मला धरलं नसतं, मी बघितलंच नव्हतं. पण आजींचा प्रश्न कलमाच्या अलीकडचा होता. न बघताही मी त्या न्हाणीची खात्री काढून घेतली होती.

पुढच्या आठवड्यात मी आणि माझी बायको पत्र्याची तीन पानं घेऊन गेलो आणि न्हाणीवर छप्पर घातलं. आजींनी चहा दिला, पण बोलल्या नाहीत. बोलायला लागल्या त्या वर्षभराने.

आज त्या गोठ्यात होत्या. "उडवून आलास?" विचारलं. पडद्यावर ओढ्याचं वळण दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो आमचा बांध न्हवं?" त्यांचा नव्हता, शेजारच्यांचा होता. मग शेजारच्यांनी ओढ्यात किती पुढे सरकवलाय यावर त्या बराच वेळ बोलल्या.

साडेदहा

स्टुडिओ उघडून अल्बमचं काम सुरू केलं, तोच वडझिऱ्याकडचा एक पोरगा आला. वय एकोणीस-वीस. पिशवीतून ड्रोन काढून काउंटरवर ठेवला. परदेशी बनावटीचा, मुंबईतून बिलाशिवाय आणलेला. याची नोंदणी करून द्या म्हणाला.

असे महिन्याला एक-दोन येतात. मी प्रत्येकाला बसवून सांगतो, कारण दुकानदाराने त्यांना हे सांगितलेलं नसतं. ९ फेब्रुवारी २०२२ला सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांसाठीच सवलत ठेवली. पण माल मागच्या दाराने येत राहिला. पोरं हप्त्यावर, उसनवारी करून तो घेतात, आणि मग नोंदणीचा नंबर मिळत नाही. बिननंबरी ड्रोन उडवला आणि सापडला तर एक लाखापर्यंत दंड. या पोराने तो घेतला होता एका शेळीच्या आणि दोन बोकडांच्या पैशात. त्याने स्वतःच सांगितलं.

दुसरी गोष्ट सांगितली ती पैशाची. मायक्रो ड्रोन नुसत्या हौसेला उडवत असाल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण ज्या दिवशी मित्राच्या लग्नात पाचशे रुपये घेऊन उडवलात, त्या दिवशी लागतं. वय अठरा ते पासष्ट, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, मग दहा वर्षं चालणारं प्रमाणपत्र. हौस आणि धंदा यांच्यातली ही रेघ पोरांना समजत नाही, आणि ती समजावून सांगायला तालुक्यात कुणी बसलेलंही नाही. नियम दिल्लीत होतात, त्यांची संकेतस्थळं इंग्रजीत, आणि ड्रोन मात्र वडझिऱ्याच्या वस्तीवर उडतो. मला याचा मनापासून राग येतो. तहसीलमध्ये सात-बाऱ्याची खिडकी असते तशी या कामाची एखादी खिडकी का असू नये?

पोरगा ड्रोन पिशवीत घालून गेला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याला म्हटलं, शिकायचं असेल तर रविवारी सकाळी माझ्याबरोबर ये, माझा हातात देतो.

दीड

डबा खाल्ला. नवरदेवाकडच्यांचा फोन आला होता. हळदीला गच्चीवर बायका नाचतील, तिथे ड्रोन खालून-वरून हवा. गच्चीवर माणसांच्या डोक्यावरून फिरवणार नाही म्हणून सांगितलं, हातात धरून कॅमेऱ्याने काढतो म्हटलं. त्यांनी विचार करून कळवतो म्हणून ठेवला. कळवणार नाहीत.

साडेतीन

सुप्याच्या रस्त्यावर पोल्ट्री असलेले एक जण आले. ओळखीचे, मी त्यांना मामा म्हणतो. तक्रार माझ्याविरुद्ध नव्हती, पण तालुक्यात कुठेही ड्रोन उडाला तर ती माझ्याच काउंटरवर येते.

त्यांच्या शेडजवळ कुणीतरी प्लॉटच्या जाहिरातीसाठी शूटिंग करत होतं. ड्रोन चार वेळा शेडवरून गेला. पक्षी दचकले आणि एका कोपऱ्यात एकमेकांवर चढले. ब्रॉयलरचं असंच असतं, एक दचकला की शंभर कोपऱ्यात दाटतात आणि तळातले गुदमरतात. मामांनी मेलेले पक्षी मोजून, फोटो काढून आणले होते. चोवीस.

"जागा माझी, शेड माझी. मंग वरचं कुणाचं?" मामांनी विचारलं.

हा प्रश्न पारनेरमध्ये पहिल्यांदा विचारला गेलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावरून लष्करी विमानं जाऊ लागली, जमिनीपासून अवघ्या ८३ फुटांवरून. दचकलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरायला लागल्या. दीडशे मेल्या आणि धंदा बसला. त्याने सरकारवर दावा लावला. १९४६ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आभाळाच्या टोकापर्यंत जमीनमालकाची मालकी असते हे जुनं मत आता टिकणार नाही, पण जमीन वापरण्यासाठी लागणारी लगतची हवा त्याचीच. तिच्यातून इतकं खालून आणि इतक्या वेळा जाणं म्हणजे त्याची जमीनच हिसकावणं. निकाल कॉझबी नावाच्या त्या शेतकऱ्याच्या बाजूने लागला.

आपल्याकडे १९३४च्या विमान कायद्यात एक कलम होतं. वारा, हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी म्हणावी अशा उंचीवरून विमान गेलं, तर केवळ तेवढ्यावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येणार नाही. तो कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. पण जुन्या कलमातला तो 'वाजवी' शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. ४०० फूट हा आकडा सोपा आहे, त्याच्या वर जायचं नाही एवढंच तो सांगतो. खाली किती यायचं हे तो सांगत नाही. ते शेडवर एक असतं, न्हाणीवर एक, मेंढरांच्या वाड्यावर एक आणि उघड्या माळावर एक. वाजवी काय हे वरून पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी आधी खाली जाऊन बघावं लागतं की पत्र्याखाली काय आहे.

मामांना सांगितलं ते असं. ड्रोन नियमांतही माणसाला किंवा मालमत्तेला धोका होईल असं उडवायला बंदी आहे. फोटो, तारीख, वेळ आणि मेलेल्या पक्ष्यांचा पंचनामा घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज द्या. आणि पुढच्या वेळी तो दिसला तर गोफण उचलू नका, कारण ड्रोन पाडला तर नुकसानीचा गुन्हा तुमच्यावर येईल. आधी उडवणारा शोधा. छोटा ड्रोन उडवणारा लांब नसतो. वर बघत, हातात रिमोट घेऊन अर्ध्या किलोमीटरच्या आत कुठेतरी झाडाच्या सावलीला उभा असतो.

मामांना हे पटलं. पण जाताना म्हणाले, "त्यानं आधी येऊन सांगितलं असतं तर मी पडदे तरी टाकले असते." शेडचे पडदे टाकून आत अंधार केला की पक्षी शांत बसतात. दहा मिनिटांचं काम होतं.

साडेसहा

दिवस मावळला. अंधारात मी उडवत नाही. २०२४च्या पावसाळ्यापासून तर अजिबात नाही.

पठारावरच्या एका गावचे पोलीस पाटील बाजारहाट करून स्टुडिओत टेकले. आम्ही दोघं भेटलो की ते दिवस निघतातच. त्या वर्षी आधी शिरूर, जुन्नर, आंबेगाव या जवळच्या तालुक्यांतून बातमी आली की रात्री आकाशात ड्रोन फिरतात. मग आमच्याकडे, मग बीड, जालना, संभाजीनगरकडे. मराठा आरक्षणाच्या उपोषणांमुळे गाजलेल्या अंतरवाली सराटीवर ड्रोन फिरल्याचा विषय जुलैत विधानसभेत निघाला. गावोगाव एकच बोललं जाई, चोर वरून घरं हेरतात. त्याला पुरावा कुणाकडेच नव्हता. पण रात्री दोनला आभाळात लुकलुकणारा दिवा दिसल्यावर पुरावा कोण मागतो? ग्रामसुरक्षा यंत्रणेच्या टोल-फ्री नंबरवर कुणी बोललं की तोच आवाज एका दमात गावातल्या सगळ्या मोबाइलवर जायचा. बिबट्या आला, चोर आले, यासाठी ती फार चांगली सोय. त्या महिन्यात तिच्यावरून दिव्यांच्या खबरा जायला लागल्या. तरणी पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन रात्र-रात्र जागली.

मी तेव्हा लोकांना समजावत होतो. माझ्यासारख्याचा ड्रोन एका बॅटरीवर पंचवीस-तीस मिनिटं उडतो, रात्रभर घिरट्या घालू शकत नाही. समोरून येणारं विमान बराच वेळ एकाच जागी थांबल्यासारखं दिसतं, वळलं की मग कळतं. सगळंच विमान होतं असंही मी म्हणत नाही. एखाद्या हौशी पोराने रात्री गंमत म्हणून उडवलाही असेल, आणि त्याची ती गंमत शंभर घरांची झोप घेऊन गेली.

त्यातल्या एका रात्री साडेबाराला याच पाटलांचा फोन आला. दुसऱ्या तालुक्यातला एक फोटोग्राफर कार्यक्रम उरकून गाडीने परत चालला होता. गावाच्या वेशीवर पोरांनी गाडी अडवली आणि डिकीत ड्रोनची बॅग सापडली. मी पोचलो तेव्हा साठ-सत्तर माणसं जमली होती. त्या मुलाचा शर्ट खांद्यावर फाटलेला, आणि पाटील त्याच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभे होते. मी बॅग उघडली. बॅटऱ्या रिकाम्या आणि मेमरी कार्डात कुणाच्या तरी मुंजीचं चित्रण. गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून मी ते सगळ्यांना दाखवलं. मुंज, मातृभोजन, बटू, पंगत. पंधरा मिनिटं सगळा जमाव उभ्याने मुंज बघत होता. हळूहळू मागची माणसं घरी गेली.

पाटील आज म्हणाले, त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढे राईनपाडा होता. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८ला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुलं पळवणारे समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. तिथेही अफवा मोबाइलवरूनच आली होती.

२०२४च्या त्या रात्रींनंतर पोलिसांनी तालुक्यातल्या ड्रोनवाल्यांची यादी केली. काही जणांना ते लागलं, आम्ही काय चोर आहोत का म्हणाले. मी स्वतःहून कागद घेऊन गेलो. माझं नाव त्या यादीत असणं मला बरं वाटतं. आभाळात दिवा दिसला तर निदान माझं नाव तरी वगळता येईल.

मग पाटलांनीच स्वामित्व योजनेची आठवण काढली. २४ एप्रिल २०२०ला सुरू झालेल्या या योजनेत गावठाणातल्या घरांची मोजणी ड्रोनने झाली. त्यांच्या गावात मोजणी होती तेव्हा मीही बघायला गेलो होतो. आधी ग्रामसभा झाली. मग दवंडी दिली. आदल्या दिवशी ग्रामसेवक, भूमी अभिलेखची माणसं आणि घरमालक मिळून प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकत फिरले. म्हाताऱ्या बायका काठी टेकत बाहेर आल्या आणि "हिकडं घाल, तुळशीच्या भायेर घाल" म्हणून चुना टाकणाऱ्यावर लक्ष ठेवून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी ड्रोन आला तेव्हा सगळं गाव ओट्यावर. पोरं टाळ्या वाजवत होती. अख्ख्या गावठाणावरून, प्रत्येक न्हाणीवरून, प्रत्येक अंगणावरून तो गेला आणि कुणीही दगड उचलला नाही.

"त्योच डोरोन," पाटील म्हणाले. "चार वर्सांनी रात्री आला, तर काठ्या निघाल्या."

मी त्यांना चुन्याबद्दल विचारलं. म्हणाले, पावसाने कधीच गेला. पण आपली रेघ कुठे होती हे म्हाताऱ्या अजून सांगतात.

पावणेदहा

बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. परवा सकाळी मांडओहळ धरणाच्या वरच्या अंगाला उडवायचा विचार आहे. तिथल्या दोन वस्त्यांवरची माणसं ओळखीची नाहीत. म्हणून उद्या संध्याकाळी मोटारसायकलवरून एक चक्कर मारून यायची, असं वहीत लिहिलं. पाटलांनाही मेसेज टाकला. परवा सात ते साडेसात, धरणाच्या वरचा माळ, मी एकटा, नोंदणीचा नंबर अमुक. त्यांचा अंगठा आला.

वडझिऱ्याच्या पोराचाही मेसेज होता. रविवारी किती वाजता येऊ?

साडेदहाला फोन वाजला. वस्तीवरच्या आजी.

"झोपला न्हाईस ना? वर एक दिवा दिसतूय. हालत न्हाई. तुझा हाये का?"

"नाही आजी, माझा घरात आहे. कुठल्या बाजूला?"

"टाकळीच्या अंगाला."

फोन कानाला तसाच धरून गच्चीवर गेलो. टाकळी ढोकेश्वरच्या दिशेला खरंच एक पिवळसर दिवा होता, जागचा हलत नव्हता. काही मैलांच्या अंतरावर आम्ही दोघं तोच दिवा बघत उभे होतो. आजींचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता, मागे गोठ्यातली घंटा वाजली. मिनिटभराने दिवा जरासा मोठा झाला, मग कलला, आणि त्याच्या पोटाखाली लाल आणि हिरवा असे दोन ठिपके सुटे झाले.

"विमान आहे आजी. वळलं बघा आता."

"व्हय," त्या म्हणाल्या. "चाललं."

मागे कुणाला तरी त्यांनी हाक मारली, "इमान हाये गं, जा, घे पाणी." आणि फोन ठेवला.